टोक मुठीत धरा : शस्त्र बाळगणारी मुले आणि आपली जबाबदारी

ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याच्या हिशेबाने. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हंगामाच्या तोंडावर हजारो कुटुंबे गाव सोडून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात, तीही याच अवजाराच्या भरवशावर. महाराष्ट्रात कोयता हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या कष्टाच्या भाकरीशी जोडलेला आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र हाच शब्द वृत्तपत्रांत वेगळ्या अर्थाने येऊ लागला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात रात्री दुचाकीवरून फिरणारी, कोयते नाचवून दहशत बसवणारी, उभ्या वाहनांच्या काचा फोडणारी टोळकी ‘कोयता गँग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवावी, अशा सूचना पुणे पोलिसांनी दुकानदारांना दिल्या. पकडल्या गेलेल्यांत अठरा वर्षांखालील मुले वारंवार आढळू लागली. हातात पाते घेऊन काढलेली चित्रफीत मोबाइलवर टाकणे हा अनेक मुलांना पराक्रम वाटतो.

ही मुले कोणत्याही एका वस्तीची वा एका धर्माची नाहीत. म्हणूनच ‘आपल्या घरात असे होणार नाही’ असे म्हणून हा विषय बाजूला ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. गादीखाली किंवा दप्तरात सुरा सापडला आणि मुलगा म्हणाला, “अम्मी, मी कोणाला मारणार नाही, फक्त जवळ ठेवलाय,” तर त्याला काय उत्तर द्यावे? या एका प्रश्नाचा विचार कुरआन, हदीस आणि देशाचा कायदा यांच्या प्रकाशात करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोखंड आणि नियत

पवित्र कुरआनात एका सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड, असे आहे. या सूरहच्या २५ व्या आयतीत अल्लाहने लोखंडाचा उल्लेख करताना त्यात मोठी ताकद आहे आणि लोकांसाठी अनेक लाभही आहेत, असा आशय मांडला आहे. त्याच आयतीत त्याआधी प्रेषित, ग्रंथ आणि तराजू यांचा उल्लेख येतो. लोकांनी न्यायावर कायम राहावे, हा त्यामागील हेतूही तेथेच सांगितला आहे. न्यायाचा तराजू आधी आणि लोखंड नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्याच्या हाती तराजू नाही, त्याच्या हातातील लोखंड अन्यायाचेच साधन ठरण्याची भीती असते.

कृत्यांचा आधार नियतीवर, म्हणजे हेतूवर असतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. इमाम बुखारी यांच्या संग्रहाचा आरंभ याच हदीसने होतो. फडातला कोयता आणि रात्रीच्या रस्त्यावरचा कोयता यांचे लोखंड एकच असते, पण ते उचलणाऱ्या हातामागील हेतू वेगळा असतो.

देशाचा कायदाही बऱ्याच अंशी हाच भेद करतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शस्त्र नियम, २०१६ च्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा समावेश आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाची पाती मात्र त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे स्वयंपाकघरातील सुरीला किंवा शेतातील कोयत्याला परवाना लागत नाही.

मुलांमध्ये पसरलेले तीन गैरसमज

या तरतुदींचा अर्धवट अर्थ लावून मुले एकमेकांना चुकीची माहिती देत असतात. ते गैरसमज दूर करणे आवश्यक आहे.

पहिला गैरसमज असा, की नऊ इंचांपेक्षा लहान सुरा बाळगणे कायदेशीर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशाने तलवारी, भाले, सुरे, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी घालता येते. मोठ्या शहरांत असे आदेश वारंवार निघतात. आदेश मोडणाऱ्यास कलम १३५ नुसार कैद होऊ शकते. अशा वेळी पात्याची लांबी मोजून सुटका होत नाही. आणि पाते कितीही लहान असले, तरी त्याने कोणाला इजा झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ११८ लागू होते. धोकादायक हत्याराने साधी दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तर गंभीर दुखापत केल्यास किमान एक वर्षापासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे.

दुसरा गैरसमज असा, की वार ज्याने केला तोच गुन्हेगार. सोबत उभे राहणाऱ्यांचे काही बिघडत नाही. न्याय संहितेच्या कलम ३ (५) नुसार अनेकांनी समान उद्देशाने केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर येते. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव असेल, तर त्याच्या समान उद्दिष्टापोटी झालेल्या गुन्ह्यासाठी कलम १९० नुसार जमावातील प्रत्येक जण दोषी धरला जाऊ शकतो. मित्राच्या शब्दाखातर दुचाकी चालवायला गेलेला मुलगा खुनाच्या खटल्यात आरोपी होतो, तो याच कारणाने.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे : ‘अठरा पूर्ण होईपर्यंत कायदा काही करत नाही.’ बाल न्याय अधिनियम, २०१५ हा मुलाला सुधारण्याची संधी देणारा कायदा आहे, आणि तसे असणे योग्यही आहे. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. या मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक महिला असते. परंतु सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाने खुनासारखा अत्यंत गंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर कलम १५ नुसार मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेची, गुन्ह्याचे परिणाम समजण्याच्या कुवतीची आणि परिस्थितीची प्राथमिक तपासणी करते. त्यानंतर ते प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवले जाऊ शकते आणि तेथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही, पण कोवळ्या वयातील अनेक वर्षे मात्र कायमची जातात.

येथे आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. त्यांना ‘भाई’ म्हणवून घेणारे प्रौढ त्यांच्या हाती शस्त्र देतात, ते त्यांच्यावरील प्रेमापोटी नव्हे. शिक्षा मुलाला कमी होईल, या हिशेबाने त्याला पुढे केले जाते. म्हणूनच बेकायदेशीर कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गुन्हा करण्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम ९५ मध्येही कठोर शिक्षा सांगितली आहे.

वाराच्या कितीतरी आधी

आता त्या मुलाच्या वाक्याकडे परत येऊ : ‘मी कोणाला मारणार नाही, फक्त जवळ ठेवलाय.’ प्रेषित (स.) यांच्या शिकवणुकीचे वैशिष्ट्य असे, की ती वार होण्याची वाट पाहत नाही. धोका जेथे सुरू होतो, तेथेच ती हात अडवते.

एक मनुष्य बाण घेऊन मशिदीतून जात होता. प्रेषित (स.) यांनी त्याला बाणांची टोके हातात धरण्यास सांगितले. हजरत जाबिर (रजि.) यांचे हे निवेदन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या निवेदनात मशिदीसोबत बाजाराचाही उल्लेख आहे, आणि कोणाला नकळत ओरखडाही येऊ नये, हे त्यामागचे कारणही आहे. त्या मनुष्याचा हेतू वाईट असल्याचे कोठेही म्हटलेले नाही. तरीही लोकांच्या गर्दीत उघडे टोक नको, अशी शिकवण देण्यात आली. दुसऱ्याच्या हाती उपसलेली तलवार देण्यासही प्रेषित (स.) यांनी मनाई केली. ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी नोंदवली आहे.

यापुढे जाऊन, आपल्या भावावर शस्त्र रोखू नका, असे प्रेषित (स.) यांनी बजावले. कारण शैतान केव्हा हाताला धक्का देईल आणि माणूस नरकाच्या खाईत जाऊन पडेल, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. मुस्लिम यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार, भावाकडे लोखंड रोखणाऱ्याचा फरिश्ते धिक्कार करीत राहतात, मग तो त्याचा सख्खा भाऊ का असेना. सख्ख्या भावांत असा प्रकार बहुधा थट्टेतच घडतो. थट्टेलाही येथे सवलत नाही.

अबू दाऊद यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. प्रवासात एक सहाबी झोपले असता कोणीतरी जाऊन त्यांची दोरी घेतली आणि ते दचकून घाबरले. त्यावर प्रेषित (स.) यांनी, मुसलमानाने दुसऱ्या मुसलमानाला घाबरवणे वैध नाही, हे स्पष्ट केले. तेथे एका दोरीने एक माणूस क्षणभर घाबरला होता. मग कोयता फिरवून संपूर्ण गल्लीला भयभीत करणाऱ्या आणि त्याची चित्रफीत अभिमानाने दाखवणाऱ्या मुलाची स्थिती काय असेल, याचा विचार करावा. त्या गल्लीतील शेजारी कोणत्याही धर्माचे असोत, ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषित (स.) यांनी दिलेला कडक इशारा आपण सर्व जाणतो.

संरक्षणासाठी म्हणून

पुष्कळ मुले खरोखर भीतीपोटी शस्त्र बाळगतात. शाळेबाहेर कोणी धमकावलेले असते, जुने भांडण असते, समोरच्याकडे शस्त्र असल्याची वार्ता असते. ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नये. जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचा अधिकार इस्लाम मान्य करतो. आपल्या मालमत्तेचे रक्षण करताना मारला गेलेला मनुष्य शहीद होय, अशी हदीस आहे. न्याय संहितेतही खासगी संरक्षणाचा हक्क आहे. परंतु त्याला कलम ३७ मध्ये मर्यादा घातलेल्या आहेत : संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि अधिकाऱ्यांची मदत घेण्यास वेळ असेल तेव्हा हा हक्क उरत नाही. सकाळी दप्तरात सुरा ठेवणाऱ्या मुलाकडे पोलीस ठाण्यात, शिक्षकांकडे किंवा वडिलांकडे जाण्यास पूर्ण दिवस असतो.

याहून गंभीर गोष्ट हजरत अबू बक्रह (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. अंतर्गत संघर्षाच्या काळात अहनफ बिन कैस शस्त्र घेऊन निघाले असता हजरत अबू बक्रह (रजि.) यांनी त्यांना वाटेत अडवले आणि प्रेषित (स.) यांची शिकवण ऐकवली : दोन मुसलमान तलवारी घेऊन एकमेकांसमोर आले, तर मारणारा आणि मरणारा दोघेही नरकाचे धनी. मारणाऱ्याचे समजले, पण मरणाऱ्याचे काय, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर उत्तर मिळाले, की तोही आपल्या साथीदाराला ठार मारण्यास उत्सुक होता.

ही हदीस वाचताना अंगावर काटा येतो. अचानक हल्ला झालेल्या निरपराध माणसाविषयी ती नाही. दोघेही तयारीनिशी, मारण्याच्या इराद्याने समोरासमोर येतात, त्यांच्याविषयी आहे. खिशातले पाते मुलाला याच प्रसंगाकडे नेते. शस्त्र नसते तर तो माघारी फिरला असता, शिवी ऐकून गप्प बसला असता. हाताशी पाते असले की माघार घेणे त्याला अपमान वाटू लागते. बलवान तो नव्हे जो कुस्तीत दुसऱ्याला लोळवतो. रागाच्या क्षणी जो स्वतःला आवरतो तोच बलवान, ही प्रेषितवाणी मुलांना पाठ असते. ती त्यांच्या उपयोगी पडावी, तर रागाच्या त्या क्षणी त्यांचे हात रिकामे असले पाहिजेत.

चौदा वर्षांचा मुलगा

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना उहुदच्या युद्धाच्या वेळी प्रेषित (स.) यांच्यापुढे आणण्यात आले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्यांना परवानगी मिळाली नाही. पुढे खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे असताना मिळाली. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मदीनेवर चालून आलेल्या सैन्याला तोंड द्यायचे होते, माणसे कमी होती, मुलगा हजरत उमर (रजि.) यांचा होता आणि त्याच्या निष्ठेविषयी शंका नव्हती. तरीही त्याला माघारी पाठवले गेले. शस्त्र उचलण्याचा निर्णय मुलाच्या उत्साहावर सोडला गेला नाही. तो जबाबदार नेतृत्वाने घेतला.

आमच्यावर शस्त्र उगारणारा आमच्यापैकी नव्हे, ही हदीस सांगणाऱ्यांत हेच अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) आहेत. पुढील आयुष्यात मुसलमानांच्या आपसातील लढायांपासून ते दूर राहिले. भारतीय कायद्यातही शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ नुसार एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीसारखे अग्निशस्त्र बाळगता येत नाही. त्या काळातील युद्ध आणि आजचा परवाना या वेगवेगळ्या बाबी आहेत. परंतु शस्त्र हा खेळ नसून जबाबदारी आहे, हे दोन्हींकडून शिकता येते.

बदल्याची साखळी

टोळ्यांच्या भांडणात एक वार पुढच्या वाराला जन्म देतो. अज्ञानकाळातील अरबस्तानही याच साखळीत जखडलेला होता. निरोपाच्या हजच्या प्रवचनात प्रेषित (स.) यांनी अज्ञानकाळातील रक्ताचे सर्व दावे रद्द केले, आणि सर्वप्रथम स्वतःच्या कुटुंबाचा, रबीअह बिन हारिस यांच्या मुलाच्या खुनाचा दावा सोडून दिला. तो मुलगा बनू सअद कबिल्यात दूध पिण्यासाठी ठेवलेला होता आणि हुजैल कबिल्याच्या हातून मारला गेला होता. बदला घेण्याचे सामर्थ्य पूर्णपणे हाती असताना ही साखळी घरापासून तोडण्यात आली. मोहल्ल्यातील वडीलधारे मुलांच्या भांडणात समेट घडवू पाहतात, तेव्हा त्यांनीही सुरुवात आपल्या घरच्या मुलापासून करावी.

सूरह अल-माइदहमध्ये आदम (अलै.) यांच्या दोन पुत्रांची कथा आहे. एकाने ठार मारण्याची धमकी दिली. दुसऱ्याने आपला हात त्याच्यावर उचलण्यास नकार दिला, कारण त्याला अल्लाहचे भय होते. खून झाला, आणि खुनी भावाच्या वाट्याला पश्चात्ताप आला. भावाचे प्रेत कसे झाकावे हेसुद्धा त्याला कावळ्याकडून शिकावे लागले. त्यानंतर लगेच ती सुप्रसिद्ध आयत येते, जिच्यात एका निरपराध माणसाची हत्या ही समस्त मानवजातीच्या हत्येसमान आणि एकाचा जीव वाचवणे हे सर्वांचा जीव वाचवण्यासमान मानले आहे. आपण या आयतीचा पहिला भाग सभांमधून पुष्कळदा सांगतो. दुसरा भाग मात्र आपल्या घरात आचरणात आणायचा आहे.

भावाची मदत

आपला भाऊ अत्याचारी असो वा अत्याचारपीडित, त्याला मदत करा, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले. पीडिताला मदत करणे समजते, पण अत्याचाऱ्याला मदत कशी करावी, असे विचारल्यावर, त्याचा हात धरून त्याला अत्याचारापासून रोखणे हीच त्याची मदत, असा खुलासा त्यांनी केला. हजरत अनस (रजि.) यांची ही हदीस बुखारी यांच्या संग्रहात आहे.

दप्तरात सुरा सापडलेल्या आईपुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे वडिलांपासून लपवणे, भावांना सांगून शस्त्र दुसरीकडे ठेवणे, आणि उद्या काही घडले तर कपडे धुऊन टाकणे. तो ममतेचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात गुन्ह्याचा पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मुलगा त्यात अधिकच अडकतो. दुसरा मार्ग हात धरण्याचा आहे. प्रथम शांतपणे विचारावे : हे कोणी दिले, आणि तुला भीती कोणाची वाटते? उत्तर मिळेपर्यंत ऐकावे. मारझोड केल्यास मुलगा घरापेक्षा टोळीलाच जवळचा मानू लागतो. धमकी खरी असेल तर वडिलांनी मुलासोबत जाऊन लेखी तक्रार द्यावी, शाळेला कळवावे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना मोफत वकील मिळू शकतो, हे अनेक गरीब कुटुंबांना ठाऊक नसते.

मशिदीच्या जबाबदार मंडळींनीही जुम्याच्या खुतब्यात हा विषय स्पष्ट शब्दांत घ्यावा. बाण घेऊन आलेल्या माणसाला टोके हाती धरण्याचा आदेश मशिदीतच दिला गेला होता. रात्री उशिरापर्यंत चौकात बसणाऱ्या मुलांना केवळ नावे ठेवून चालणार नाही. त्यांच्यासाठी अभ्यासिका, खेळाचे मैदान आणि त्यांचे ऐकून घेणारा एखादा वडीलधारा माणूस आपण उपलब्ध करून दिला आहे का, हे प्रत्येक मोहल्ल्याने स्वतःला विचारावे.

आणि त्या मुलाला उत्तर द्यावे : बेटा, तू मारणार नाहीस यावर माझा विश्वास आहे. पण शैतान हाताला धक्का देतो, असे आपल्या प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. म्हणून हे आजच, माझ्यासमोर, हातातून खाली ठेव.

अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना कष्टाची, कलेची आणि सेवेची साधने देवो, त्यांच्या रागावर त्यांना ताबा देवो, आणि कोणत्याही आईला दुसऱ्या आईच्या मुलाच्या रक्ताबद्दल जाब द्यावा लागू नये, अशी परिस्थिती निर्माण करो. आमीन.